बिननावाचा डबा

मी देवभोळी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत नको. टेंभुर्णीच्या पलीकडं एका लहान गावात आमची पिठाची गिरणी आहे आणि ती मी चालवते. आमचे हे शेत बघतात. गिरणीत स्टार्टरच्या वर देवीचा एक फोटो आहे, सासूबाईंच्या वेळचा, पिठानं काच पांढरी झालेली. सकाळी पट्टा चढवायच्या आधी त्या फोटोपुढं उदबत्ती लावायची, हात जोडायचे आणि बटण दाबायचं, एवढाच माझा देवधर्म. मागच्या हिवाळ्यात मी तोही बंद केला. फोटो तेवढा काढला नाही, कारण मागं भिंतीवर चौकोनी डाग दिसला असता.

कारण तसंच झालं होतं. माझी लेक वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटात जुळं होतं. सातवा सरता सरताच तिला कळा सुरू झाल्या, आम्ही जालन्याला दवाखान्यात नेलं, आणि एक मुलगा, एक मुलगी झाली. मुलगा जरा भरलेला होता. मुलगी म्हणजे नुसती हाडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर मुलीची काळजी करत होते, आणि गेला मुलगा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा श्वास थांबला. त्याला कापडात गुंडाळून आमच्या विहीणबाईंनी मांडीवर घेतलं, हसनाबादपर्यंत जीपमध्ये तसंच धरून नेलं आणि त्यांच्या शेतात बांधाजवळ पुरलं. मी लेकीजवळ थांबले होते, म्हणून मी ते पाहिलं नाही. घरी आल्यावर फोटोकडं बघून मी एवढंच म्हटलं, बाई, तुझ्या काट्यात खोट आहे. आणि उदबत्तीचा पुडा कपाटात टाकला.

मुलगी बरेच आठवडे पेटीत राहिली. दीड किलोच्या जरा वर गेली तेव्हा तिला घरी सोडलं. एवढी ज्वारी मी दिवसभराच्या दळणात सांडते. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की खरी परीक्षा आता घरी आहे. ऊब सुटता कामा नये, दूध वाटी-चमच्यानं ठरल्या वेळी जायला हवं, आणि वजन वाढत राहायला हवं. वजन वाढलं तर पोर जगली, असा सरळ हिशोब होता. त्यासाठी आमच्या उपकेंद्राची सिस्टर घरी येऊ लागली.

ही सिस्टर जाफराबादची, पस्तिशीची, स्कुटीवरून यायची आणि दारातूनच ओरडायची, "काकू, हात धुतले का सगळ्यांनी?" आली की आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुवायची, तळहात एकमेकांवर घासून गरम करायची, मग पोरीच्या पोटाला आणि तळपायाला हात लावायची. पाय पोटापेक्षा गार लागले तर आम्हाला बोलणी. वैशालीनं पोरीला उघड्या छातीशी धरून, वरून पातळाचा पदर आणि शाल घेऊन दिवसभर बसायचं, असं तिनं शिकवलं. कांगारू म्हणतात त्याला. आमच्याकडं त्या दिवसांत थंडी चांगलीच होती, घरं उघडीवाघडी, त्यामुळं वजनाला पोरीला पूर्ण उघडं करायचं तर भीती वाटायची. म्हणून सिस्टरनं तोड काढली. आधी नुसतं दुपटं झोळीच्या काट्याला अडकवून तोलायचं, मग त्याच दुपट्यात गुंडाळलेली पोर तोलायची, आणि दुपट्याचं वजन वजा करायचं. आमच्या धंद्यात याला धडा करणं म्हणतात. डब्याचा धडा केल्याशिवाय आतल्या धान्याचं वजन कळत नाही. मला ती पद्धत पटली. म्हटलं, बाई कामाची आहे.

मला मात्र सिस्टरनं पोरीपासून लांब ठेवलं होतं. "काकू, तुमच्या केसात पीठ, भुवईत पीठ. तिच्या छातीत गेलं तर निमोनिया. संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय जवळ यायचं नाही." गिरणी घराच्या पुढच्या खोलीत आहे, मागं राहायचं घर. मधल्या दाराला ओल्या चादरीचा पडदा लावला. दिवसभर मी पडद्याच्या अलीकडं, पोर पलीकडं. बघायचं झालं तर दारात उभी राहून बघायची, जशी लांबच्या नात्यातली बाई बघते.

पलीकडचं सगळं विहीणबाईंनी उचललं. त्या हसनाबादहून आपली वळकटी घेऊन आल्या त्या राहिल्याच. विधवा बाई, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. आल्या दिवशीच म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या घरात जिकडं बघावं तिकडं पीठ. चार दिवस राह्यले तर माझी बी भाकर होईन."

मी म्हटलं, "तुमची भाकर थापायला परात कुठून आणायची, ते सांगा."

"आणा मंग हसनाबादहून. आमच्याकडं परातीबी मोठ्या अन् मनंबी."

असं आमचं चालायचं. पण बाई कामाला वाघ होती. वैशालीचं दूध काढून वाटीत घेणं, चमच्यानं थेंब थेंब पाजणं, दुपटी उन्हात टाकणं, सगळं त्याच करायच्या. पोरीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. त्यांनी तिला धोंडी म्हणायला सुरुवात केली. ज्या घरात लेकरू गेलेलं असतं तिथं पुढच्याला असं टाकाऊ नाव देतात, म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही, वरच्याचंही. एवढुशी पोर आणि नाव धोंडी. सिस्टरला हसू यायचं. विहीणबाईंना यायचं नाही. मुलाचा विषय मात्र त्या कधी काढायच्या नाहीत. एकदा दुपारी मी पडद्यातून पाहिलं तर त्या मांडीवर रिकामं दुपटं घेऊन नुसत्या बसल्या होत्या, दोन्ही हात त्याच्याखाली, जसं काही त्यात कुणी आहे. 

पहिल्या दोन-तीन भेटींत वजन चिमूटभर वाढलं. मग विहीणबाई एका दिवसासाठी हसनाबादला जाऊन परत आल्या, आणि त्यानंतरच्या भेटीत काटा एकदम पुढं गेला. सिस्टरनं पुन्हा तोलून पाहिलं. तेवढंच. तिच्या कार्डावरची रेघ टेकडी चढावी तशी चढली. सिस्टर म्हणाली, "वैशाली, आता पकडलं बरं का हिनं!" विहीणबाईंनी शेजारपाजारी साखर वाटली. वैशाली हसली नाही. मान खाली घालून पदर सारखा करत राहिली. मला वाटलं, बाळंतीण आहे, दमली असेल. आमच्या ह्यांनी मला विचारलं, "आता तरी उदबत्ती लावतीस का?" मी म्हटलं, एक देऊन एक नेलं, बरोबरी झाली, उधारी कुणाचीच नाही.

पुढच्या भेटीत काटा कणभर मागं आला. सिस्टर पोरीचे पाय चेपून बघत होती, रडवायला टिचकी मारत होती. पोर रडायची नाही, नुसती तोंड वाकडं करायची. विहीणबाई कौतुकानं म्हणायच्या, "लई समजदार लेकरू हाये. माय दमली म्हणून रडतबी न्हाई." सिस्टरच्या कपाळाला आठी पडली, पण तीही म्हणाली, सोडल्यापासून एवढं वाढलंय म्हणजे पोटात जातंय. अंगावर काही घातलेलं नाही ना, हे ती प्रत्येक वेळी विचारायची. विहीणबाई थंडीचं निमित्त करून दुपटं वरून आणि पायाकडून तेवढंच उचलायच्या आणि प्रत्येक वेळी सांगायच्या, "काही न्हाई, बाई."

एका संध्याकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसले आणि वैशालीला जरा पाठ टेकू दे म्हणून पोरीला माझ्याकडं घेतलं. दुपट्यासकट. आणि माझा हात चमकला. माझा सगळा जन्म डबे उचलण्यात गेला आहे. गिऱ्हाइकानं डबा पुढं केला की काट्यावर ठेवायच्या आधी माझ्या हाताला कळतं, आत किती आहे. हाताला ती पोर हलकी लागली. दुपट्यात वजन होतं, पण ते पोरीचं वाटत नव्हतं. एका बाजूला ओढत होतं. तिचं कपाळ बघितलं तर म्हाताऱ्या माणसासारख्या सुरकुत्या. मी म्हटलंही, "वैशे, ही वाळली का गं?" विहीणबाईंनी लगेच पोर माझ्याकडून काढून घेतली. "तुमी दिवसा बघत न्हाई, म्हणून तुमाला तसं वाटतंय. सिस्टरचा काटा खोटा हाय का?" आता काट्यापुढं मी काय बोलणार? मी स्वतः काट्यावर पोट भरणारी बाई. गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं, माझ्या हाताला कमी लागतंय, तेव्हा मी त्याला काट्याकडं बोट करून दाखवते. तसंच झालं. झोपताना मनात आलं, देवीला विचारावं का. मग आठवलं, आमचं बोलणं बंद आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी सिस्टर सकाळी आली, वजन घेतलं, काटा आणखी जरा मागं. "वाढ थांबली, पण सोडल्यापेक्षा कमी तर नाही," म्हणाली, "दोन दिवसांत परत येते, नाहीतर जालन्याला दाखवू." आणि गावातच दुसऱ्या बाळंतिणीकडं गेली. मी गिरणीत आले. थोड्या वेळानं एक बाई दळण घेऊन आली.

मी तिला ओळखत नव्हते. आमच्या गावात अनोळखी दळण सहसा येत नाही. कोण कुणाचा डबा, हे मला झोपेत सांगता येईल. शिवाय प्रत्येक डब्यावर नाव रंगवलेलं असतं, कुणाचं लाल रंगात, कुणाचं निळ्या. या बाईच्या पत्र्याच्या डब्यावर काही नव्हतं. साधी नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, पायात प्लास्टिकची चप्पल, वय माझ्याच आगेमागे. डबा ठेवला आणि ओट्यावर बसली. मी सवयीनं डबा काट्यावर ठेवला, मनातल्या मनात पत्र्याचं वजन वजा केलं आणि आकडा सांगितला.

ती म्हणाली, "एवढी न्हाई ज्वारी. कमी हाये."

मला राग आला. "बाई, काटा समोर आहे. नीट बघा."

"काट्याचं बराबर हाये वो. पण डब्याच्या बुडाला भोक पडलंय. म्हणून मी फरशीचा तुकडा टाकलाय आत, त्याच्यावर फडकं. तुमी फरशीबी ज्वारीत धरून राह्यल्या."

"मग आधी सांगायचं ना. बाहेरून मला काय कळतंय?"

"बाहेरून कसं कळंल?" ती शांतपणे म्हणाली. "उघडा करूनच बघावं लागतं. रिकामा करा सगळा."

तिनं एवढंच म्हटलं. त्यात काही गूढ नव्हतं, आवाज बदलला नाही, वारा सुटला नाही. मी डबा टोपल्यात उपडा केला. ज्वारी पडली, मग फडकं, आणि शेवटी शहाबादी फरशीचा तुकडा दाणकन टोपल्याच्या काठावर आदळला.  दुपट्यात एका बाजूला ओढणारं ते वजन मला परत हातात जाणवलं. मी बटण बंद केलं. पट्टा थांबायच्या आधीच पडदा बाजूला करून आत गेले, पीठ अंगावर तसंच.

"आगं, पीठ! आंघोळ!" विहीणबाई ओरडल्या. मी ऐकलं नाही. वैशालीच्या पदराखालून पोर काढली, पलंगावर ठेवली आणि दुपटं उलगडलं. कमरेला काळा दोरा होता. दोऱ्याला लाल फडक्याची पुरचुंडी. गाठ सोडली तर आत चांदीची पुतळी, अंगठ्याएवढी जाड, ओबडधोबड, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. हातावर घेतली तर मूठ खाली गेली.

विहीणबाईंच्या घरची एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. जुळ्यातलं एक गेलं तर ते राहिलेल्याला बोलावत राहतं. म्हणून गेलेल्याच्या नावाची चांदीची पुतळी करायची आणि राहिलेल्याच्या कमरेला बांधायची, म्हणजे त्याला जोडीदार मिळतो आणि तो ओढत नाही. पण हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. सोनोग्राफीत जुळं कळलं तेव्हाच विहीणबाईंनी दोघांसाठी वाळे, करगोटे आणि दूध पाजायच्या वाट्या करून ठेवल्या होत्या. नातवाच्या वाट्याची ती सगळी चांदी त्यांनी आटवली. लहानशी पुतळी पुरली असती. पण त्यांना त्यातलं काही मागं ठेवायचं नव्हतं. काट्यावर जे वाढलं होतं ते पोरीचं वजन नव्हतं. ते तिच्या भावाचं होतं. आणि त्याच्या आडोशाला पोर रोज थोडी थोडी झिजत होती.

"वैशे, तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली. "आई, तो जवळ राहीन असं वाटलं मला," म्हणाली.

 सिस्टरला फोन केला, ती पाच घरं पलीकडं होती, धावत आली. पोरीला नागडी करून झोळीत घातली. काटा दवाखान्यातून सोडलं त्या दिवसापेक्षाही मागं गेला. सिस्टरनं आकडा दोनदा वाचला. पोटावर हात ठेवला, तेही गार. तिनं कुणाला दोष दिला नाही. फक्त म्हणाली, "मी पाहायला पाहिजे होतं," आणि पोरीला वैशालीच्या छातीशी बांधून वरून स्वतःचा स्वेटर गुंडाळला. "काकू, गाडी. अँब्युलन्सची वाट बघायची नाही."

आमचे हे फाट्यावर पळाले. काळी-पिवळी जीप भरून निघायच्या बेतात होती. ड्रायव्हरनं ह्यांच्याकडं पाहिलं आणि मागं वळून म्हणाला, "उतरा सगळे. जल्दी उतरा, लेकराचा मामला हाये." कुणी कुरकुर केली नाही. भाजीची पोती सुद्धा रस्त्यावर ठेवली. वैशाली, सिस्टर, मी आणि विहीणबाई बसलो. वाटेत सिस्टर दर थोड्या वेळानं शालीत हात घालून श्वास बघायची. आम्ही तिच्या तोंडाकडं बघायचो. विहीणबाईंची उजवी मूठ मांडीवर आवळलेली होती. तिच्यात पुतळी होती. दवाखान्यापर्यंत ती मूठ उघडली नाही.

रक्तात जंतू झाले होते आणि साखर तळाला गेली होती. पोर चमचाभर दूध तोंडात घ्यायची, पण गिळायची ताकद राहिली नव्हती. अर्धं ओठांच्या कडेनं दुपट्यात जायचं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले, म्हणाल्या, "परवावर टाकलं असतं तर मला बोलवायची गरज पडली नसती." मग आत गेल्या. आम्हाला बाहेर बसवलं. त्याच काचेच्या दाराबाहेर, जिथून आधी एकाला नेलं होतं.

ते दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. आवारात एक लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली सतरंजी टाकून मी आणि विहीणबाई पडून असायचो. मला त्यांचा संताप यायचा. कधी कधी वाटायचं, हिला धरून गदागदा हलवावं. एकदा मी बोललेच, "विहीणबाई, सिस्टर विचारत होती तेव्हा तुमची जीभ का झडली होती?"

त्यांनी सतरंजीवरचा लिंबाचा पाला झटकला. मग म्हणाल्या, "मी त्याला मांडीवर नेलं न्हाई का हसनाबादला. लई जड लागला वो. एवढंसं लेकरू, पण माझे पाय बधिर झाले. खड्ड्यात ठेवला अन् हात असे हलके झाले, की मला ते सोसंना. मंग वाटलं, त्याचं वजन कुठंतरी ठेवावं. धोंडीशिवाय मला जागा कुठं व्हती?"

 मी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी त्यांना दिली, अर्धी मी घेतली. माझा राग तेव्हा गेला असं नाही. पण तो राग आहे तसा बाजूला ठेवता येतो, हे कळलं. आणि दुसरी एक गोष्ट झाली. त्या लिंबाखाली, तोंडात घास असताना, मी देवीशी बोलले. हात जोडले नाहीत. म्हटलं, बाई, मी तुझा काटा खोटा म्हटलं. माझ्या घरातला काटा खरा असून मला आतलं दिसलं नाही, तर तुझ्या पारड्यात काय काय आहे ते मला कुठून दिसणार? तुला जे करायचं ते कर. ठेवलीस तर सांभाळीन. नेलीस तर... पुढचं मला म्हणता आलं नाही. तिनं ते न म्हटलेलंच धरलं असेल. मी नवस बोलले नाही. नवस म्हणजे सौदा, आणि सौद्यापुरतं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

पोर वाचली. हळूहळू, रडत-कढत, पण वाचली. आम्ही गावी परतलो तेव्हा थंडी ओसरली होती. गिरणीत गेले तर कोपऱ्यात तो डबा. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ह्यांनी ज्वारी दळून, पीठ डब्यात भरून, फरशीचा तुकडा वर झाकणावर ठेवला होता. न्यायला कुणी आलं नव्हतं. मी आत पळाले तेव्हा ती बाई ओट्यावर बसलेली होती, हे आमच्या ह्यांना आठवतं. ते जीप आणायला धावले तेव्हाही होती. त्यानंतर कुणी पाहिली नाही. मी गावात विचारलं, टेंभुर्णीच्या बाजारात विचारलं, फाट्यावर जीपवाल्यांना विचारलं. कुणाच्या घरी पाहुणी आली असेल, बसची वेळ झाली म्हणून निघून गेली असेल. पायी चालत कुठल्या वस्तीवरून आली असेल. असंच काहीतरी असेल. पण दळण सोडून बाई जात नाही, हे मी इतक्या वर्षांच्या धंद्यावरून सांगते. दळलेलं पीठ म्हणजे घरातल्यांची संध्याकाळ असते.

परक्याचं पीठ गिरणीवाली खात नाही. ठेवलं तर जाळी लागली असती. शेवटी विहीणबाई आणि मी दोघींनी मिळून त्या पिठाच्या भाकरी थापल्या, वर पिठलं केलं, देवळापुढं नैवेद्य दाखवला आणि जो येईल त्याच्या हातावर ठेवला. विहीणबाई थापताना म्हणाल्या, "बघा, तुमच्या घरात परात सापडलीच शेवटी." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. डबा मी धुऊन गिरणीत ठेवला आहे. त्यावर नाव रंगवायचं धाडस झालं नाही. बुडाचं भोक तसंच आहे, फरशीही तशीच आत आहे.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. सिस्टर अजून येते. आता वजनापेक्षा ती दुसरंच बघते. पोर आवाजाकडं वळते का, खुळखुळा धरते का, पालथी पडते का. धोंडीनं मान धरायला फार उशीर लावला. डावा पाय अजून ताठ आहे. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणं वैशाली तेल लावून रोज तो वाकवते, पोर रडते, आणि आता तिच्या रडण्याचा आवाज गिरणीच्या आवाजावरून ऐकू येतो. चालेल का, कधी चालेल, सिस्टर सांगत नाही. मी विचारत नाही. दोन महिन्यांनी विचारीन.

उदबत्ती मी परत लावते. काच ओल्या फडक्यानं पुसून घेतली, त्यात देवीचा चेहरा दिसायला लागला. सासूबाई गेल्यापासून मी तो नीट पाहिलाच नव्हता. मागत काही नाही. जे तिनं त्या दिवशी, कुणाच्याही रूपानं, ओट्यावर बसून मला सांगितलं, त्याबद्दल हात जोडते आणि बटण दाबते. कधी वाटतं, तिला माझा राग आला असता तर ती आली नसती. राग धरायला तिला माझ्यासारखा रिकामा वेळ नसेल.

पुतळी आम्ही नदीत सोडली नाही. तसं सुचवणारे पुष्कळ भेटले. वैशाली नको म्हणाली, मीही आग्रह धरला नाही. ती आजही धोंडीच्या पाळण्याला बांधलेली असते. फक्त सिस्टर आली, हात धुतले, काटा हुकाला अडकवला, की विहीणबाई स्वतः उठतात, दोरा सोडतात आणि पुतळी ओंजळीत घेऊन भिंतीला टेकून बसतात. पोर झोळीत हात-पाय झाडत असते. आम्ही सगळे काट्याकडं बघतो. त्या बघत नाहीत. त्या डोळे मिटून आपल्या वाट्याचं वजन धरून बसतात, आणि सिस्टरनं आकडा सांगितल्यावर विचारतात, "निव्वळ तिचं ना, बाई?"

सिस्टर म्हणते, "निव्वळ तिचं, आजी."